कडू लागलं तर थुंक

"गोडसर आहे रे. चालेल!"

हे माझे शब्द. जुलै २०२४, राजमाचीची वाट, भुरभुर पाऊस. हातात पांढरंशुभ्र भूछत्र, तोंडात त्याचा नखाएवढा तुकडा आणि समोर पाच भुकेले चेहरे. मी तो तुकडा चावला, चघळला, थुंकलो, चूळ भरली आणि निकाल जाहीर केला. कडू नाही, म्हणजे विषारी नाही. विषारी नाही, म्हणजे रात्रीच्या मॅगीत घालायला हरकत नाही. दोन ओळींचं प्रूफ, एकदम फर्स्ट क्लास वाटलं होतं.

आता मला एक्स्पर्ट कुणी केलं? तर मी कोकणातला. हॉस्टेलवर फणस, मासे, भुतं आणि अळंबी या चार विषयांत कोकणातल्या मुलाला ओरल न घेताच पास करतात. मीही कधी नाही म्हटलं नाही. इतर विषयांत आपले काय दिवे लागलेत ते सगळ्यांना माहीत आहेच, निदान इथे तरी भाव खाऊन घ्यावा.

माझं घर सिंधुदुर्गात. पावसाळा सुरू झाला, गडगडाट होऊन गेले की आमच्याकडे वारुळांच्या आसपास अळंबी उगवतात. ही वाळवीची अळंबी. वाळवी जमिनीखाली चक्क शेती करते. पाला, लाकूड चावून त्याचे थर रचते, त्यांवर ही बुरशी वाढवते आणि पावसात त्या बुरशीला वर छत्र्या फुटतात. म्हणूनच बटन मशरूमसारखी ही शेडमध्ये पिकवता येत नाहीत, वाळवीच्या मर्जीने जेवढी मिळतील तेवढी घ्यायची. श्रावणात घरात सागोती बंद असते, तेव्हा ओल्या खोबऱ्याच्या वाटपातली ही अळंबी ती कसर भरून काढतात. लिहितानाही तोंडाला पाणी सुटतंय, मेसच्या भाजीचं आज काही खरं नाही.

आजी अळंबी निवडायला बसली की एका अळंबीचा लहानसा तुकडा तोडून तोंडात टाकायची. दोन-तीनदा चावायची आणि अंगणात थुंकायची. मग एक तुकडा मला. "कडू लागला तर थुक. जिभेक सगळा कळता." मी लहानपणापासून हेच पाहिलं, हेच ऐकलं आणि एवढंच लक्षात ठेवलं.

त्यात सातवीत असताना मला या नियमाचा पुरावाही मिळाला. बागेतल्या एका मेलेल्या माडाच्या बुंध्याला पॉलिश मारल्यासारखी चकचकीत, तांबूस-तपकिरी, लाकडासारखी टणक छत्री आली होती. मी तिच्या कडेचा कोवळा पांढरा भाग दातांनी तोडला. बाप रे! कडू म्हणजे किती कडू! काढा, कारलं, क्लोरोक्विन, सगळे मागे पडतील. थुंकलो, चूळ भरली, गूळ खाल्ला, तरी रात्रीपर्यंत जिभेच्या मागच्या बाजूला ते बसून होतं. आता आपण मरणार याची मला खात्री पटली. घरी सांगायची सोय नव्हती, कारण बागेत मी शहाळी चोरायला गेलो होतो. रात्री अंथरुणात पडून माझी बॅट चुलतभावाला द्यायची असं मनाशी ठरवून टाकलं. सकाळी जिवंत उठलो. त्यावरून मी काय निष्कर्ष काढावा? तर, थुंकलो म्हणून वाचलो. नियम आणखी पक्का!

असो. तर राजमाचीला, मुक्कामाच्या घरी पोहोचलो. ज्या मावशींकडे जेवण सांगितलं होतं त्यांच्यासमोर मी माझी पिशवी ऐटीत उपडी केली. त्यांनी एक छत्री उचलली, उलटी केली, खालून बघितली.

"कुठनं आणली?"

"झाडाखालनं, पाचोळ्यातनं."

"खाली वारूळ व्हतं?"

"नाही."

"आन् ह्यांचं बूड कुठाय?"

बूड जमिनीतच राहिलं होतं. चाकूने वरच्या वर कापून घ्यावं म्हणजे खालची बुरशी दुखावत नाही, असं कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं. मी म्हटलं, "मावशी, मी चाखून बघितलीय. कडू नाहीये."

मावशींनी माझ्याकडे जे बघितलं, तसं फक्त एक्स्टर्नल बघतात. "कडू तर कारलं बी आसतंय," म्हणाल्या आणि सगळी पिशवी नेऊन उकिरड्यावर टाकली. आम्हाला साबणाने हात धुवायला लावले. मॅगी साधीच खाल्ली. आमच्यातला एकजण रात्रभर कुरकुरत होता, की फुकटची भाजी गेली.

सकाळी उतरताना मी मुद्दाम त्याच झाडाखाली थांबलो. एक छत्री शिल्लक होती. या वेळी काठीने माती उकरून ती बुडासकट काढली. बुडाशी फाटक्या मोज्यासारखी एक पांढरी पिशवी होती. दांड्यावर पातळ पापुद्र्याची कडी. मी फोटो काढला आणि छत्री तिथेच टाकून दिली. तेव्हा त्या पिशवीचा अर्थ मला माहीत नव्हता, पण मावशी बूड का विचारत होत्या एवढं कळलं.

हॉस्टेलवर परत आल्यावर वाचायला बसलो. (घरच्यांना वाटलं मुलगा गेटची तयारी करतोय.) आणि पहिला धक्का बसला तो माझ्या सातवीतल्या मृत्युपत्राबद्दल.

माडाच्या बुंध्यावरची ती चकचकीत छत्री वर्णनावरून गॅनोडर्मा जातकुळीतली. कोकणातल्या बागायतदारांना ती माहीत असते, कारण ती माड आणि सुपारी बुंध्यातून कुजवते. पण याच कुळातली भावंडं चीनमध्ये लिंगझी आणि जपानमध्ये रेशी या नावाने शतकानुशतकं औषध म्हणून उकळून पितात. आपल्याकडेही त्याच्या कॅप्सुला साखळी पद्धतीने खपवणारा एखादा काका प्रत्येकाच्या नात्यात असतोच. ते औषध किती गुणाचं हा वेगळा वाद, मी त्यात पडत नाही. मुद्दा एवढाच, की मला ज्याने मरण दिसलं होतं त्याचा लोक काढा करून पितात!

कडूपणा येतो तो गॅनोडेरिक ॲसिड नावाच्या संयुगांमुळे. १९८२ मध्ये जपानी संशोधकांनी त्यांतली पहिली दोन वेगळी केली, पुढे या घराण्यातली शंभरावर सापडली. ही ट्रायटर्पिनं, म्हणजे ३० कार्बनच्या सांगाड्यावर उभी. सुरुवात होते लॅनोस्टेरॉलपासून. यातूनच आपल्या शरीरात कोलेस्टेरॉल बनतं आणि बुरशीत अर्गोस्टेरॉल. बुरशी पेशींच्या भिंतीआतल्या पडद्यासाठी अर्गोस्टेरॉल तर बनवतेच, पण गॅनोडर्मा तोच कच्चा माल दुसऱ्या लाइनवर वळवतं, त्याला ठिकठिकाणी ऑक्सिजन चिकटवत जातं आणि टोकाला कार्बोक्झिलिक ॲसिड लावून सोडतं. गंमत म्हणजे यातली काही संयुगं जहर कडू, तर जवळजवळ तशीच दिसणारी काही अजिबात कडू नाहीत. एखादा गट इकडचा तिकडे झाला की जीभ ओळखच दाखवत नाही.

युरोपात तर याहून मजेशीर प्रकार. तिथे पाइनच्या जंगलात बोलेटस नावाचं अतिशय चविष्ट, महागडं मशरूम मिळतं आणि त्याच्या शेजारीच त्याचा डुप्लिकेट उगवतो, टायलोपिलस फेलियस. फेलियस म्हणजे लॅटिनमध्ये पित्ताचा. हा विषारी म्हणून ओळखला जात नाही, पण चुकून एक जरी पातेल्यात पडला तर सगळं पातेलं वाया. शिजवून कडूपणा जात नाही. आणि काही माणसांना तो कडू लागतच नाही! म्हणजे सहा जणांच्या टेबलावर पाचजण थू थू करतायत आणि सहावा मिटक्या मारतोय. लाल दांड्याचा आणखी एक चुलतभाऊ आहे, त्याच्या कडूपणाचं कारण कॅलोपिन नावाचं एक लॅक्टोन. जर्मनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी ते २००२ मध्ये प्रसिद्ध केलं. सांगाडा वेगळा, कुळी वेगळी, पण जिभेवर निकाल तोच, कडू.

आता मी इन्स्ट्रुमेंटेशनचा. जीभ म्हणजे सेन्सर म्हटलं की आपल्याला रेंज, सेन्सिटिव्हिटी, सिलेक्टिव्हिटी सुचणारच. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे साधारण २५ प्रकारचे ग्राहक आहेत. त्यांची जनुकं सापडायला सुरुवात झाली २००० साली. गोडासाठी एकच जोडी पुरते आणि कडूसाठी २५, म्हणजे निसर्गाने बजेट कुठे खर्च केलंय बघा. २०२५ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लाकडावर उगवणाऱ्या एका अतिकडू पांढऱ्या छत्रीतून तीन नवी कडू संयुगं काढली आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर कोणता ग्राहक पेटतो ते तपासलं. त्यातल्याच ऑलिगोपोरिन-डी नावाच्या एका संयुगाला टीएएस२आर४६ हा ग्राहक लिटरला ६३ मायक्रोग्रॅम एवढ्यावरच जागा होतो. हिशोब करून बघा. आपल्या हॉस्टेलला येतो तो १०,००० लिटरचा टँकर. असे दीड टँकर पाणी घ्या आणि त्यात एक ग्रॅम टाका. एवढ्यावर सेन्सर वाजतो! लॅबमधला कुठला ट्रान्सड्यूसर एवढं करतो?

आणि ही छत्री विषारी नाही.

हाच ग्राहक स्ट्रिक्नीनलाही वाजतो. स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतलं विष. तिथे मात्र वाजणं अगदी बरोबर. म्हणजे जीवघेण्या काजऱ्याला आणि निरुपद्रवी छत्रीला घंटा एकच. घंटा वाजली एवढं कळतं, कुणी वाजवली ते कळत नाही.

बरं, हा सेन्सर सगळ्यांचा सारखाही नसतो. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीची अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीतली गोष्ट प्रसिद्ध आहे. आर्थर फॉक्स नावाचा केमिस्ट पीटीसी नावाची पावडर बाटलीत भरत होता, थोडी उडाली. शेजारचा सहकारी ओरडला, किती कडू! फॉक्सला काहीच लागलं नव्हतं. दोघांनी चाखून वाद घातला, मग इतरांना चाखायला लावलं आणि माणसांचे सरळ दोन गट पडले. पुढे यामागचं जनुक २००३ मध्ये सापडलं. (चाखून वाद घालणारे केमिस्ट त्या काळातच शोभत. आपण प्रॅक्टिकलला असं काही करू नये.)

इथवर वाचताना मला गंमत वाटत होती. नियम थोडा भित्रा आहे, एवढंच. चांगली छत्री उगाच फेकली जाईल, जीव तर जाणार नाही ना? फॉल्स अलार्म परवडतो. मग मी उलट बाजू शोधली. विषारी असून कडू नसलेली छत्री असते का?

जगात मशरूम खाऊन जी माणसं मरतात, त्यांतल्या बहुतेकांचा जीव अमॅनिटा फॅलॉइडिस आणि तिच्या नात्यातल्या छत्र्या घेतात. इंग्रजीत तिला मृत्यूची टोपीच म्हणतात. वाचलेल्यांनी सांगून ठेवलंय, की चव चांगली होती. तिच्यातलं अमॅनिटिन म्हणजे आठ अमिनो ॲसिडांचं एक वेटोळं. शिजवून, वाळवून ते जात नाही. यकृताच्या पेशीत शिरून ते आरएनए पॉलिमरेज-२ या एन्झाइमला धरून बसतं. हे एन्झाइम जनुकांच्या नकला काढतं. नकला बंद म्हणजे नवी प्रथिनं बंद, म्हणजे पेशीचा कारखानाच बंद. माणसाला मारायला किलोमागे मिलिग्रॅमचा दहावा भाग पुरतो, तेवढं एका बऱ्यापैकी छत्रीत असू शकतं. आणि जिभेवरच्या त्या २५ घंटांपैकी एकही सावध करत नाही.

मी वेळेचा हिशोब मांडला. त्या रात्री आम्ही नऊला जेवलो. या विषाची लक्षणं ६ ते १२ तासांनी सुरू होतात, म्हणजे पहाटे ३ ते सकाळी ९. उलट्या, जुलाब. बाहेर पाऊस, खाली उतरायची वाट चिखलाची, सहाचे सहाजण आडवे. मग दुसऱ्या दिवसानंतर माणसाला बरं वाटायला लागतं. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. बरं वाटतं! आम्ही सोमवारी लेक्चरला बसलो असतो, अटेंडन्ससाठी. तोवर आत यकृत संपत असतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, शुद्ध हरपणं. तेव्हा तीन दिवसांपूर्वी काय खाल्लं होतं हे डॉक्टरांना सांगायचं तरी कुणी?

हे दूरदेशीचंच आहे असंही नाही. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानातली अळंबी खाऊन १३ जण दगावले, त्यांत बहुतेक चहामळ्यांत काम करणारी कुटुंबं होती. त्याआधी २००८ मध्येही तिथे असंच घडलं होतं. ती माणसं काही व्हिडिओ बघून रानात गेली नव्हती. वर्षानुवर्षं अळंबी खाणारीच होती.

बुडाशी पिशवी आणि दांड्यावर कडी, ही या अमॅनिटा घराण्याची खूण. घराण्यातल्या सगळ्याच मारक नसतात, खाल्ल्या जाणाऱ्याही आहेत. माझ्या फोटोवरून नक्की जात ठरत नाही. ज्यांना दाखवला ते सर म्हणाले, "फोटोवरून सांगणार नाही. आणि तूही कधी सांगू नकोस." म्हणजे राजमाचीची ती छत्री विषारी होती की नाही, कळायला मार्ग नाही. आपण सहाजणांना मारणार होतो की उकिरड्यावर एक बरी भाजी गेली, हे कधीच कळणार नाही. व्हर्नियरचं रीडिंग चुकलं तर पुन्हा घेता येतं...

पण मग आजीचं काय? तिने हा नियम वापरून साठ वर्षं सगळ्या घराला अळंबी खाऊ घातली, ती काय नशिबाने?

याचं अर्धं उत्तर मला जर्मनीतल्या एका नियमात मिळालं. तिथले अळंबीवाले रुस्सुला नावाच्या छत्र्या आजीसारख्याच चावून थुंकून तपासतात. तिखट-कडू लागली तर टाकायची, सौम्य लागली तर घ्यायची. नियम पिढ्यान् पिढ्या टिकलाय. पण त्याला एक अट आहे: हातातली छत्री रुस्सुलाच आहे अशी आधी पूर्ण खात्री हवी. त्या घराण्याबाहेर नियम शून्य. आपल्या ओरिफिस प्लेटच्या सूत्रासारखंच झालं. पी-वन, पी-टू झटकन टाकतो आपण बर्नुलीत, पण प्रवाह स्थिर हवा, घनता कायम हवी, हे लिहिलं नाही म्हणून सर दोन मार्क कापतात. मी आजीचं समीकरण उचललं होतं, गृहीतकं घरीच विसरून.

गणपतीला घरी गेलो तेव्हा आजीला सगळं सांगितलं. रागावेल वाटलं होतं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "चाखूच्या आदी बघूक व्हया रे झिला. चाखूचा ता सगळ्यात शेवटाक."

मग मी वही घेऊन बसलो. आधी काय काय बघतेस? वारूळ. तेसुद्धा कुठलंही नाही, तिच्या सासूने दाखवलेली चारच जागा. कुठल्या नक्षत्राचा पाऊस पडतोय. एकटी उगवली की थव्याने. वर टोक आहे का, मधोमध, बोथट भाल्यासारखं. खालच्या झालरी पांढऱ्याच्या गुलाबीसर होतायत का. आणि मुळी. उपटताना बोटं मातीत घालून, अलगद, लांबच लांब मुळी वारुळापर्यंत जायला हवी, मध्ये तुटली तरी उरलेली शोधायची. बुडाशी पिशवी, गाठ, काही दिसलं तर हात धुवायचे. वास कसा. माशा कुठल्या. मी लिहीत होतो, आजी आठवून आठवून सांगत होती आणि आई मध्येच म्हणत होती, अगो ता नाय सांगितलंस. लहानपणी मी आजीसोबत वारुळावर कधीच गेलो नव्हतो. तिथे नाग असतो म्हणून मला नेत नसत. मी पाहिली ती फक्त अंगणातली शेवटची परीक्षा.

वहीत पान भरत आलं तेव्हा मी विचारलं, "आजी, इतक्या वर्षांत तुला एखादी कडू लागली का गं कधी?"

तिने नीट विचार केला. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखंही केलं.

"नाय रे. एकदा पण नाय."

"मग चाखतेस कशाला?"

"माझी आवस चाखायची," आजी म्हणाली आणि वाटप बघायला आत गेली.